स्वॅबच्या रिपोर्टातलं सगळ्यात 'स्ट्राँग' औषध कोणतं?

मधुमेही सासऱ्यांच्या तळपायाची जखम दोन अँटिबायोटिक्स होऊनही वाहतेच आहे, स्वॅबमध्ये (जखमेवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यात) तीन जंतू निघालेत आणि यादीतल्या 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे त्या जंतूंवर चालणाऱ्या) औषधांपैकी स्ट्राँग कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. आईच्या पायाचं सगळं निस्तरलेली इंदूरच्या रामबागेतली मुलगी आहे. औषधाचं नाव सांगणार नाही, आणि इथे दुसऱ्या कुणी सांगितलं तरी घेऊ नका.

साखर, चपला, ड्रेसिंग तुम्ही सांभाळतच असाल. मला विचारायचंय ते एवढंच, की तो स्वॅब घेतला कसा?

आमच्याकडे एका नर्सिंग होममध्ये (नाव राहू दे) सिस्टरने पट्टी सोडली, न धुतलेल्या जखमेच्या पुवावरून बोळा फिरवला आणि नळीत टाकला. अँटिबायोटिक आधीपासून चालूच होतं. रिपोर्टात वरवरचे जंतू आले, आत कोण बसलंय त्याचा पत्ता नाही. त्या कागदाच्या भरवशावर महागडी इंजेक्शनं चालली आणि आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं. दुसरीकडे दाखवायला रिपोर्टाची प्रत मागितली, तर म्हणे फाइल डिस्चार्जलाच मिळेल. खिडकीवाला टेबलाकडे पाठवतो, टेबलवाली खिडकीकडे. आपल्याच पैशांनी काढलेला कागद, आणि तो मागायला हात जोडायचे!

नंतरच्या सर्जननी आधी मेलेली कातडी काढली, जखम धुतली आणि तळातून खरवडून मांसाचा तुकडा कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवला. मग बोथट सळईने तळ चाचपला, तर टक् करून हाड लागलं. एक्स-रे आणि ईएसआर या रक्ततपासणीनेही तेच सांगितलं. त्यावरून औषधाची मुदतच बदलली. संसर्ग नुसत्या मांसात असेल तर एक-दोन आठवडे पुरतात; हाडात असेल आणि हाड काढलं नसेल तर साधारण सहा आठवडे लागतात. मधुमेही पायाच्या संसर्गाबद्दलच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. शिवाय लाली, गरमपणा, सूज, दुखणं, पू यांतलं काहीच नसेल तर केवळ जखम भरत नाही म्हणून अँटिबायोटिक देऊच नये, असंही त्यात आहे. हे डॉक्टरांना सांगायला गेलात तर काहींना राग येतो. येऊ दे.

आता निवडीबद्दल, माझ्या समजुतीप्रमाणे. नवी, उथळ जखम असेल तर बहुधा स्टॅफ किंवा स्ट्रेप हे जंतू असतात, साध्या गोळ्यांनी भागतं. जुन्या, ओल्या जखमेत, त्यातून आपल्याकडच्या हवेत, स्यूडोमोनास, क्लेबसिएला वगैरे जंतू बरेच सापडतात, तेव्हा औषधाचा पल्ला वाढवावा लागतो, म्हणजे जास्त प्रकारच्या जंतूंवर चालणारं औषध लागतं. पण 'एस' लिहिलेली सगळी औषधं सारखी नसतात. अमिकासिन किडनीवर जातं. लिनेझोलिड लांबलं की प्लेटलेट्स पडू शकतात. सासरे ग्लिमेपिराइड (साखरेची गोळी) घेत असतील तर सिप्रो किंवा लेव्हो या अँटिबायोटिक्सबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते, हे केमिस्ट सांगेलच असं नाही. क्रिएटिनिन बघितल्याशिवाय डोस ठरू देऊ नका.

जाता जाता: लांबचा कोर्स असेल तर इथल्या दवा बाजारात (औषधांच्या घाऊक बाजारात) भाव विचारा, फरक पडतो. पण चिठ्ठीवरचं औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नका.

पायाचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) झालाय का? तुमच्या पोस्टमध्ये दिसला नाही. रक्तच पोचत नसेल तर औषध तरी कसं पोचणार? आणि ताप आला, बोट काळं पडलं किंवा लाली वर चढायला लागली, तर कल्चरची वाट बघू नका. त्याच रात्री एमवायला (इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात) किंवा जिथे सर्जन हजर असेल तिथे न्या.