चर्चच्या छतावर अरबी अक्षरं कशी?

प्रश्न: सिसिलीतल्या पालेर्मोच्या राजवाड्यातल्या चॅपलचे फोटो पाहिले. छतावर चक्क अरबी लिहिलंय! आधी तिथे मशीद होती का?

उत्तर: नाही हो, ते पहिल्यापासून चर्चच आहे. नॉर्मन, म्हणजे मूळ उत्तर फ्रान्समधून आलेल्या लोकांपैकी, दुसरा रॉजर ११३० मध्ये सिसिलीचा राजा झाला आणि ११४० मध्ये हे कापेला पालातिना अर्पण झालं, पण नॉर्मन लोकांनी सिसिली जिंकली ती अरब राज्यकर्त्यांकडून आणि त्याआधी तिथे बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलहून चालणारी ग्रीक ख्रिस्ती) सत्ता होती, त्यामुळे तिन्हीकडचे कारागीर, भाषा, रीतिरिवाज सगळं राजाच्या हाताशी होतं. घुमटातला येशू ग्रीक पद्धतीच्या मोझॅकचा (रंगीत तुकडे जुळवून केलेला), लांबट सभामंडप लॅटिन चर्चसारखा, आणि वर अरबी पद्धतीचं लाकडी मुकर्नस छत, मधमाशांच्या पोळ्यासारखं कप्प्याकप्प्यांचं, त्यावर वादक, मद्य पिणारे, बुद्धिबळ खेळणारे लोक रंगवलेत. चर्चमध्ये! मला तर मोझॅकपेक्षा हे छतच जास्त आवडतं.

पण याला फक्त सहिष्णुता म्हणून मोकळं होऊ नका, त्यात राजकारण पण होतंच. नवा राजा, त्याला कैरो (मुस्लिम खलिफांची राजधानी) आणि कॉन्स्टँटिनोपल दोन्हींच्या तोडीचा थाट दाखवायचा होता. पुढे १२२० च्या दशकात त्याच रॉजरच्या नातवाने, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने, सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवलं.

पालेर्मोला गेलात तर जवळचं मार्तोराना चर्च पण बघा, तिथल्या मोझॅकमध्ये बायझंटाईन सम्राटाच्या पोशाखातल्या रॉजरला खुद्द येशू मुकुट घालतोय.