आफ्रिकेतल्या मलावीत, ब्लँटायरला पोचलेल्या डॉक्टरीणबाईंना

चि. डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पोचून पाच दिवस झाले, राउंडला नुसती मागे उभी असतेस, कुणी कशाला हात लावू देत नाही, आणि शेवटी 'सर, मी इथं आलेच कशाला?' उत्तर देतो, रागावू नकोस. बघायला. तीन महिन्यांतले पहिले पंधरा दिवस फक्त बघायला.

मी 2012 च्या जानेवारीत मलावीला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी पेशंट हातात घेतले. ऐन पावसाळा, मलेरियाचा हंगाम, एका खाटेवर दोन-दोन पोरं. त्यात दीडेक वर्षाची मुलगी. तळहात कागदासारखे पांढरे, पावलं गार, धाप लागलेली. शॉक, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेलं, दिसला की वजनाच्या किलोला 20 मिली सलाईन, भरभर, हे मला पाठ. तिथला क्लिनिकल ऑफिसर, डॉक्टर नसूनही पेशंट तपासणारा, हळूच म्हणाला, "डॉक्टर, हिला रक्त हवंय, पाणी नको." तो तीन वर्षांचा डिप्लोमावाला, मी एमडी. सलाईन सोडलं. पहाटेआधी मुलगी गेली.

युगांडा, केनिया, टांझानियातल्या तीन हजारांवर मुलांचा 'फीस्ट' अभ्यास 2011 मध्येच छापून आला होता. तापाने फणफणलेल्या, रक्ताभिसरण ढासळलेल्या मुलांपैकी ज्यांना भरभर सलाईन दिलं, त्यांतली शंभरात साडेदहा 48 तासांत दगावली. ज्यांना दिलं नाही, त्यांतली सातच्या आसपास. (जुलाबाने सुकलेलं पोर वेगळं, त्याला पाणी हवंच.) मी तो वाचला नव्हता. त्या क्लिनिकल ऑफिसरनेही वाचला नसेल कदाचित, पण त्याने अशी पोरं रोज बघितली होती.

तेव्हा सगळीकडे तेच शिकवत होते, हे खरं. त्या रात्री रक्ताची पिशवीही नव्हती, हेही खरं. ती तशीही वाचली नसती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. आता तुलाही सांगायला लागलो, म्हणजे बघ.

तर, बघ. खाटेशेजारी बसलेल्या गार्डियनकडे बघ, आई, मावशी, आजी, जी असेल ती. बाहेर चुलीवर न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) रांधून आणणारी, पोराला पुसणारी, रात्रभर जागणारी तीच असते. पोराने दूध ओढणं कधी सोडलं ते तिला विचार. तिच्याजवळ हेल्थ पासपोर्ट नावाची वही असेल, तिची मागची पानं वाच. पंधरा दिवसांपूर्वी मलेरियाचा औषधोपचार झाला असेल तर मलेरियाच्या रक्ततपासणी किटवरची रेघ अजूनही उमटू शकते. म्हणजे आजचे झटके मेनिंजायटिसचे, मेंदूच्या आवरणाच्या सुजेचेही असू शकतात. गडचिरोलीच्या सरकारी बाँडच्या नोकरीत मलेरिया कोळून प्यालीस, मान्य. पण मलावीत मोठी माणसं अंगात जंतू घेऊन शेतात राबतात आणि पाच वर्षांखालची पोरं मरतात. आणि स्वतःची मलेरिया टाळायची गोळी चुकवू नकोस, मच्छरदाणी नीट खोच.

'माझ्या शिक्षणाचा उपयोग होत नाहीये' म्हणे! अगं, बेशुद्धी किती खोल ते मोजणाऱ्या ज्या कोमा स्कोअरवर तू परीक्षेत मार्क मिळवलेस, त्याला ब्लँटायर का म्हणतात, हे कधी मनात आलं नाही? बोलता न येणारी बेशुद्ध पोरं त्याच गावात बघून बघून तो तयार झाला. तिथल्या जिल्हा रुग्णालयांत सिझेरियन बहुतेक क्लिनिकल ऑफिसरच करतात. तुझ्यावाचून अडलेलं नाही. याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला वाटलं होतं, म्हणून तर हात शिवशिवले.

आणि 'मुली ब्वांजी?' विचारल्याशिवाय कुणाशी कामाचं बोलू नकोस. मला आधी वाटलं, मुलींची चौकशी करतायत. 'कसे आहात' म्हणायचं असतं त्यांना. उत्तर येईपर्यंत थांबायचं, तेही अवघड जातं आपल्याला.

उद्या राउंडला तशीच मागे उभी राहा, वही घेऊन. संध्याकाळी सातला मला कळव, काय बघितलंस. काय केलंस ते नको. इथं तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, मी जागाच असतो.

तुझा,
सर