बायबलच्या २ इतिहास १५:७ मधलं 'हिंमत धरा, कामाचं फळ मिळेल' हे वचन आयुष्यात कसं लागू करायचं?

तुम्ही विचारलंय की हिंमत धरली की फळ नक्की मिळतं का आणि किती थांबायचं. किती थांबायचं ते त्या ओळीत नाहीच. पण लोक ती कशी वापरतात त्यावर मला बोलायचंय, कारण आमच्या घरात याच ओळीवरून अबोला आहे.

आधी ती कुणाला सांगितलीय ते बघा. ओदेदाचा मुलगा अजऱ्या हा संदेष्टा यहूदाच्या आसा राजाला सांगतोय, आणि आसा काय हरून रडत बसलेला नाहीये, जेरह नावाच्या कूशी सरदाराची फौज पळवून लावून, लूट घेऊन यरुशलेमला परत आलाय. जिंकलेल्या माणसाला सांगितलंय की आता ढिला पडू नकोस. मग त्याने मूर्ती काढल्या, वेदी नीट केली, घरच्याच माकाला राजमातेच्या पदावरून उतरवलं. खरी हिंमत तिथे लागली असं माझं मत, लढाईत नाही.

आता आमचं. रेवदंड्याच्या बाजूला वाडी आहे, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, थोडे माड, जायफळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि संध्याकाळी वाडीतून थेट समुद्र दिसायला लागला, जो आजोबांच्या वेळेपासून कधी दिसला नव्हता. विहिरीत झावळ्या, लाईट नाही म्हणून पंप बंद, वर लॉकडाऊन, माणसं मिळेनात. ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांची सावली गेली आणि पावसाळ्यानंतरच्या उन्हाने त्यांची खोडं भाजली, बाहेरच्यांना वाटतं पडलं तेवढंच नुकसान. भरपाई सुरुवातीला हेक्टरच्या हिशेबाने, आमची वाडी गुंठ्यात, म्हणजे किती हातात आलं असेल ते समजून घ्या.

दादा मुंबईला असतो. त्याने फॅमिली ग्रुपवर हेच वचन टाकलं, मागे उगवता सूर्य, आणि लगेच फोन की एक पार्टी आहे, बंगल्यासाठी जागा बघतेय, काढून टाकूया. मी नाही म्हटलं तर म्हणे हेच तर फळ, देवाने दार उघडलंय. म्हटलं फळ कामाचं लिहिलंय, तू काय काम केलंस? झालं, तिथून बोलणं बंद. मी आणि बायकोने सावलीसाठी केळी लावल्या, त्यात श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची रोपं घातली. पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते, आता कुठे काही झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, दिसतेय.

तर लागू कसं करायचं, हातात एखादं काम अर्धं पडलं असेल तर ते पुरं करा, ओळ तुमच्यासाठी आहे. नुसतं बसून नोकरी लागायची वाट बघत असाल तर नाही. आणि फळ म्हणजे पैसाच असं धरू नका, त्याच अध्यायात लोकांना जे मिळालं ते चहूकडून स्वस्थता, आसाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत लढाई नाही. दुसऱ्याला फॉरवर्ड करायची असेल तर आधी जाऊन त्याच्या झावळ्या उचला.

हां, मी कॅथलिक आहे पण फादर नाही, तुमच्या चर्चमध्ये वेगळं शिकवत असतील. आणि तब्येत किंवा मन बिघडलं असेल तर नुसत्या हिंमतीवर राहू नका, डॉक्टरकडे जा. पुढच्याच अध्यायात आसाच्या पायाला रोग होतो आणि तो देवाला सोडून वैद्यांकडे जातो, ते दाखवून डॉक्टर नको म्हणणारे भेटतील. आईच्या गुडघ्याच्या वेळी दादाने तेच काढलं होतं. ऑपरेशन करून आणलं, आई आता स्वतः वाडीत फेरी मारते, दादाचा अर्धा खर्च अजून यायचाय.