लोकसंख्या कमी झाली की पर्यावरणाचा प्रश्न आपोआप सुटेल का?

नाही सुटणार, निदान नुसतं तेवढ्याने तरी नाही. "माणसं वाढली म्हणून ही वेळ आली" असं बरेच जण म्हणतात, मीपण आधी हेच म्हणायचो.

माझं लहानपण विदर्भातलं, गावाला लागूनच कोळशावरचं वीज केंद्र. आई दोरीवरचे कपडे दोनदा झटकल्याशिवाय घडी घालायची नाही आणि गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर राख बसायची तिच्यात आम्ही पोरं बोटाने नावं लिहायचो. घरात नऊ माणसं, चार बल्ब, दोन पंखे आणि एक कूलर, तो पण आजोबांच्या खोलीत. आता पुण्यात आम्ही तिघंच आहोत पण दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन सगळं आहे आणि मे महिन्याचं बिल आलं 410 युनिटचं.

एकदा बसून हिशोब केला. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो, देशातली पाऊणएक वीज कोळशाची, म्हणजे आमच्या वाट्याला दोनशे किलोच्या वर कोळसा आला. आपल्याकडच्या कोळशात राख 30-40 टक्के, म्हणजे सिमेंटच्या दीड गोणीएवढी राख झाली, ती पण तीन माणसांची एका महिन्याची! चिमणीच्या आधी यंत्रात बरीचशी अडते, मान्य, पण अडली म्हणजे गायब झाली असं नाही ना, ती राखेच्या तलावात जाऊन पडते आणि उन्हाळ्यात तलाव सुकला की पुढचं काम वारा करतो.

लोकसंख्येचा काही संबंधच नाही असं नाही, 1951 ला आपण 36 कोटी होतो, आता 140 कोटींच्या वर. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागे सरासरी मुलं देशात 2 आणि महाराष्ट्रात 1.7 आलीत, लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतात. तरी आकडा काही वर्षं वाढणारच कारण आधी जन्मलेली तरुण पोरं खूप आहेत, त्यांना काय परत पाठवणार का? आणि अमेरिकेत माणसं आपल्या एक चतुर्थांश, पण माणशी कार्बन आपल्या सहा-सात पट.

मग सोलर लावा म्हणाल. लावाच, पण एसी लागतात रात्री आणि सूर्य मावळतो संध्याकाळी, तेव्हा कोळसा नाहीतर कोयनेसारखं धरण. कोयनेचं पण वीज करून पश्चिमेला सोडायचं पाणी कृष्णा पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर (म्हणजे अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय, आणि त्या धरणाखाली गावं गेली ती वेगळीच. साठवणुकीच्या बॅटऱ्या येतायत, बघू.

आमच्या सोसायटीत गच्चीवर सोलरचा विषय तीनदा निघाला. तिन्ही वेळा गाडी एकाच प्रश्नावर अडली, मग पापड कुठे वाळवायचे?