नॉयकोल्नला रूम घेऊ का, सगळे नको म्हणतायत

अरे तू विचारलंयस की बर्लिनची ऑफर आलीये, नॉयकोल्नमधे रूम मिळतेय, पण ओळखीतले सगळे 'तो एरिया नको' म्हणतायत आणि तिकडे नाशिकला इंदिरानगरात आईने नॉयकोल्नमधल्या 31 डिसेंबर 2022 च्या रात्रीच्या फटाक्यांच्या राड्याचे व्हिडिओ बघून धसका घेतलाय. मी सहा वर्षं इथे आहे, जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

मी मूळची सिडकोची, चौथी स्कीम. कॉलेजला असताना कॉलेज रोडवाल्या मैत्रिणी 'सिडको? बापरे, एवढ्या लांब कोण येणार' म्हणायच्या, जणू मी मालेगावहून अपडाऊन करतेय, आणि दिवाळी आली की ह्याच बायका मला पुढे घालून पवननगरला खरेदीला हजर. पांडवलेणीचं बरोबर उलटं, बोलताना आपली शान, पण पाहुणे आल्याशिवाय चढतं कोण?

इथे येताना मीही लोकांचं ऐकून शार्लोटेनबुर्गला घर घेतलं, महिन्याला दोनअडीचशे युरो जास्त देऊन, का तर 'चांगली वस्ती' आणि राजवाड्याची बाग जवळ. त्या बागेत सहा वर्षांत पाचेक वेळा गेले असेन, त्यात तीनदा नाशिकचे पाहुणे होते. आणि दर शुक्रवारी कुठे जाते? यू7 मेट्रो पकडून नॉयकोल्नला! कालव्याच्या काठी मायबाखउफरला मंगळवार-शुक्रवार तुर्की बाजार भरतो, संध्याकाळी उठायची वेळ झाली की 'आइन ऑयरो, आइन ऑयरो' (एक युरो) ओरडत भाव पाडतात, कोथिंबिरीची जुडी सुपरमार्केटच्या त्या चार काड्यांसारखी नाही, चांगली मुठीत न मावणारी. पहिल्यांदा गेले तेव्हा पर्स पोटाशी घट्ट धरून चालत होते, आणि समोर कोण, तर ज्या दादाने 'तिकडे पाय ठेवू नकोस' सांगितलं होतं तोच, दोन्ही हातात पिशव्या, भेंडी मोडून बघतोय. दुकानदार त्याच्यावर खेकसला ते वेगळं.

म्हणून एरिया कसा आहे हे कोणाला विचारूच नकोस, गेल्या शनिवारी कुठे गेला होतास ते विचार. अंतराचंही तसंच, ह्या बाजाराला मी वर्षभर हेरमानप्लात्झ स्टेशनला उतरून यू8 मेट्रो बदलून एकच स्टेशन पुढे जायचे, कारण डोक्यात सगळा मेट्रोचा नकाशा, मग एकदा कलीग हसली, म्हणाली अगं चालत दहाबारा मिनिटं आहे.

आता हे वाचून लगेच उडी मारू नकोस. हेरमानप्लात्झ आणि यू8 रात्री मलाही आवडत नाही, नशेतले लोक दिसतात, आरडाओरडा असतो, मी उशीर झाला की डबा बदलते. पण हे त्या स्टेशनचं झालं, आतल्या गल्ल्या रात्री दहाला इतक्या शांत की आपलं कुकर लावायचं धाडस होत नाही. इथल्या एखाद्या मित्राला सांग, शनिवारी सकाळी एकदा आणि रात्री दहाला एकदा स्टेशनपासून त्या दारापर्यंत चालून ये, व्हिडिओ कॉल लाव म्हणावं.

जर्मन म्हणजे शिस्त, गाड्या मिनिटावर, हेही डोक्यातून काढ. 2024 मधे लांब पल्ल्याच्या फक्त 62.5 टक्के गाड्या वेळेवर होत्या आणि ते पण सहा मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत. सिग्नल लाल असताना बर्लिनवाले बिनधास्त रस्ता ओलांडतात, पण शेजारी लहान मूल उभं असेल तर पुतळ्यासारखे थांबतात. मेट्रोला गेट नाहीत म्हणून फुकट जाशील तर साध्या कपड्यातला चेकर 60 युरो घेईल, 63 युरोचा महिन्याचा पास सरळ काढून टाक.

आणि एरियापेक्षा हे आधी विचार, आनमेल्डुंग करू देणार का? घरात आल्यापासून दोन आठवड्यात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाची सही लागते, त्यावरच टॅक्स नंबर वगैरे पुढचं सगळं. 'रूम देतो पण नोंदणी नाही' म्हणाला तर शार्लोटेनबुर्ग असलं तरी नको. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि रूम न बघता कोणालाही पैसे पाठवू नकोस, माझे गेलेत.

आईचा नंबर मेसेज कर, मी बोलते काकूंशी.