मुलाला घरीच शिकवायचं तर कायद्याने काय काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीपायी दर दोन-तीन वर्षांनी देश बदलतो, मुलगा सात वर्षांचा आहे, आणि आता त्याला घरीच शिकवायचा विचार आहे. आम्ही मुलीला चार वर्षं घरी शिकवलं, आधी इंग्लंडमध्ये आणि मग भारतात. मी वकील नाही, पण अनुभव आहे तो सांगतो.

पासपोर्ट कुठला आहे हे इथे बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही. जिथे राहता तिथला कायदा लागतो. त्यात आधी एवढंच शोधा: सक्ती शिक्षणाची आहे, की शाळेत जाण्याची? जर्मनीत शाळेची आहे. घरी शिकवलं तर दंड होतो. हेसे राज्यात 2013 साली एका कुटुंबाची चार मुलं तीन आठवडे सरकारने ताब्यात घेतली होती, आणि 2019 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यात हक्कभंग झाला नाही असाच निकाल दिला. तिकडे बदली झाली तर हा बेत सोडूनच द्या.

इंग्लंडमध्ये सक्ती शिक्षणाची. 1996 च्या शिक्षण कायद्याचं कलम 7 म्हणतं की मुलाला वय, क्षमता आणि कल पाहून योग्य असं पूर्णवेळ शिक्षण मिळालं पाहिजे, शाळेत किंवा अन्य प्रकारे. त्या ‘अन्य प्रकारे’वरच घरी शिकवणाऱ्यांचा सगळा डोलारा उभा आहे. मुलीचं नाव पटावरून काढायला मुख्याध्यापकांना पत्र द्यायचं होतं. मी दीड पानभर कारणं लिहिली. बायकोने ती सगळी खोडून तीन ओळी ठेवल्या: अमुक तारखेपासून आम्ही घरी शिकवणार, नाव कमी करावं, पोच द्यावी. तिचंच बरोबर होतं. आम्ही परवानगी मागत नव्हतो, कळवत होतो. (मूल विशेष शाळेत असेल तर मात्र संमती लागते. आणि स्कॉटलंडमध्ये सरकारी शाळेतून काढायलाही लागते. देश तोच, नियम वेगळा.)

फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून भागायचं. सप्टेंबर 2022 पासून परवानगी घ्यावी लागते, तीही ठरावीक कारणांसाठीच. कुटुंब फ्रान्समध्ये सतत फिरतं असणं हे त्यातलं एक कारण आहे, म्हणून तुम्हाला सांगतोय. ऑस्ट्रियात कळवायचं, आणि वर्षाअखेर मुलाने बाहेरची परीक्षा द्यायची. नापास झालं तर शाळेत जावंच लागतं. अमेरिकेत सगळ्या 50 राज्यांत चालतं, पण टेक्सासमध्ये कुणाला कळवायचीही गरज नाही, तर न्यूयॉर्कमध्ये अभ्यासाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि पहिली ते सहावीसाठी वर्षाला 900 तास. त्यामुळे ‘अमेरिकेत चालतं का’ असं विचारू नका, राज्याचं नाव घेऊन विचारा.

भारताचं प्रकरण जरा अधांतरी आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. कलम 10 मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं, पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही. घरी शिकवतो अशी नोंद करायची सोयही नाही. म्हणजे कुणी अडवत नाही आणि कुणी कागदही देत नाही. तो कागद नसल्याचं आम्हाला मुलीला परत शाळेत घालताना जाणवलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट करून विचारलं, “शाळा सोडल्याचा दाखला?” नाही म्हटल्यावर फॉर्म सरळ परत सरकवला. दुसऱ्या दिवशी कलम 4 ची प्रत घेऊन गेलो: शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा. मग काम झालं, पण चार फेऱ्या झाल्याच. शाळेत परत घालायचंच नसेल, तर वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (NIOS) थेट दहावीला बसता येतं.

म्हणून सध्याच्या शाळेतून नाव काढण्याआधी गुणपत्रिका, दाखला, पत्राची पोच हे सगळं हातात घ्या. जन्मदाखला बरोबर ठेवा. घरी शिकवताना रोज दोन ओळींची नोंद करा, तारखेसकट. आमची मुलगी गणिताच्या वहीवर तारीख टाकायला नेहमी विसरायची, आणि इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाने विचारणा केली तेव्हा नेमकं गणिताचंच काम दाखवायला मागितलं.

पुढची बदली कुठे आहे ते कळलं तर इथेच लिहा.