साइटवर केबिन कुठली घ्यायची, हे शेवटी ठरवा

तुम्ही विचारलंय की काम १४ महिन्यांचं आहे, सुरुवातीला माणसं ४० आणि पुढे १२० होतील, तर कंटेनर घ्यावा, पोर्टा केबिन की पत्र्याचं शेड मारावं? मी साइट इंजिनिअर आहे. माझं सांगणं एवढंच, की सुरुवात संडासापासून करा आणि ऑफिसचं शेवटी बघा.

माझ्या एका साइटवर माल वाहणारी एक बाई भर दुपारी चक्कर येऊन खाली बसली. पाणी प्यायलात का विचारलं, तर सकाळपासून घोटभरही नाही. टाकी भरलेली होती. पण संडास पार दुसऱ्या टोकाला, पुरुषांच्या रांगेतच, आणि दाराला आतून कडी नाही. तिथे जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. आमच्या ऑफिसात मात्र एसी चालू होता. ते मला अजून टोचतं.

पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळे संडास आणि हातपाय धुण्याची सोय, कपडे बदलायला आणि ओले वाळवायला जागा, जेवायला आणि पावसात थांबायला आडोसा, हे सगळं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ च्या बांधकामविषयक करारात (क्रमांक १६७) स्पष्ट लिहिलेलं आहे. तीच यादी समोर ठेवा. प्लास्टर, टाइल्स, प्लंबिंग, वायरिंग एकदम सुरू झालं की गर्दी होते, म्हणून केबिन आज ४० जणांपुरत्या लावल्या तरी पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन १२० च्या हिशेबाने आताच टाका.

मग जागा. पुढे कुठे खोदायचंय, ट्रेलर कुठे वळणार, क्रेनचा माल कुठून जाणार हे नकाशावर काढा आणि उरलेल्या जागेतच केबिन बसवा. नाहीतर पाचव्या महिन्यात वायरी-पाइप तोडून सगळं हलवावं लागतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. २० फुटी कंटेनर आतून जेमतेम १४ चौरस मीटर, आणि उन्हात नुसता तापतो. हत्यारं, महागाचा माल कुलपात ठेवायला तो उत्तम. माणसं बसणार असतील तर सँडविच पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा थर भरलेल्या भिंतींची, पोर्टा केबिन घ्या, पण पॅनेलच्या पोटात काय भरलंय ते विचारा. थर्माकोल पेटतो, रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) पेटत नाही. एकावर एक केबिन चढवणार असाल तर मी रॉकवूलशिवाय घेणारच नाही, आणि बाहेरून जिने दोन हवेत. जेवायला पत्र्याचं शेड चालतं. उंच, बाजूंनी मोकळं, पण वाऱ्याला नीट बांधलेलं.

भराव नीट दाबल्याशिवाय केबिन ठेवू नका. केबिन ज्या ठोकळ्यांवर टेकते त्यातला एका कोपऱ्याखालचा जरी खचला, तरी चौकट तिरकी होते. दार खाली घासायला लागलं की समजा, लेव्हल गेली.

पुढची साइट हातात नसेल तर भाड्यानेच घ्या. ने-आण आणि क्रेनचा खर्च कोणाचा, संडासाची टाकी आठवड्यातून किती वेळा उपसणार, हे करारात लिहून घ्या. आणि ताबा घेताना प्रत्येक संडासात जाऊन कडी आतून लावून बघा.